शेंडे सरांचे पहिले पाच

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आमच्या छतावर बूट करकरू लागत. गुळगुळीत लाकडावर रबरी तळवे घासले गेल्याचा तो आवाज ओला आणि तीक्ष्ण होता, एखादा लहानसा जीव चिमटीत धरल्यासारखा. त्यामागोमाग हजारो माणसांचा गलका उठे, भिंतीतून झिरपत खाली येई आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर धुळीसारखा बसे. सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या त्या ब्लॉकमध्ये आम्ही नव्याने राहायला आलो तेव्हा मला वाटलं होतं, वरच्या बिऱ्हाडाने घरात मैदान आखून घेतलं आहे. मैदान नव्हतं. वर शेंडे सर होते, त्यांचा भलामोठा टीव्ही होता, त्याच्याखाली एक जुना, पिवळट पडलेला कन्सोल होता आणि त्या कन्सोलमध्ये फिरणारा एकच खेळ होता, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलचा.

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या दारात. त्यांनी आमचं स्वागत केलं नाही. माझ्या नवऱ्याकडे, नितीनकडे, त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "उंची?"

नितीनने सांगितली.

"जिना चढून आलात की लिफ्टने?"

"लिफ्टने."

"हं," सर म्हणाले. "दम कमी लिहितो."

आम्ही हसलो. अर्ध्या तासाने हसणं थांबलं, कारण पडद्यावर खरोखरच नितीन अवतरला होता. निळ्या गंजीफ्रॉकमधला एक उंच, अनोळखी मुलगा, त्याच्या पाठीवर आमच्या आडनावाची रोमन अक्षरं आणि शेजारी त्याची गुणपत्रिका. वेग, नेम, डोकं, दम. दमापुढचा आकडा इतका लाजिरवाणा होता की माझ्याने तिथे पाहवेना. नितीनला संघात शेवटची खुर्ची मिळाली. दर रविवारी तिथे जमणारे बाकीचे मराठी पुरुष आपापल्या खुर्च्यांवरून त्याच्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात सुटकेचा एक मंद, आंबट वास होता. इतके दिवस शेवटच्या खुर्चीवर त्यांच्यातलाच कोणीतरी होता.

सर मूळचे नागपूरचे. जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते विभागप्रमुख होते. बुटके, घट्ट बांध्याचे, कानांवर केसांची लव, अंगाला सदैव बामाचा वास. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आणि हेच भय होतं. माणूस ओरडला की त्याच्या रागाला काठ तरी दिसतात. सर कुजबुजत, आणि ऐकणारा ते ऐकण्यासाठी पुढे झुकत असे. आपल्या अपमानाकडे त्याला स्वतःहून, अदबीने झुकावं लागे.

खेळाआधीचे त्यांचे सोपस्कार मी अनेकदा पाहिले. ते नखं कापत. बोटं पुसत. मग स्वयंपाकघरातून तांदळाचा डबा आणत आणि त्यात कोपरापर्यंत हात घालून खेळाची चकती बाहेर काढत. सिंगापूरच्या दमट हवेने ती खराब होऊ नये म्हणून ती मलमलच्या फडक्यात गुंडाळून तांदळात पुरलेली असे. फडकं सोडताना दोन-चार दाणे जमिनीवर सांडत आणि सुलभाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ते वाकून एकेक करून वेचत. सर चकतीवर हलकेच फुंकर घालत. त्या फुंकरीइतकी कोवळी दुसरी कोणतीही कृती मी त्यांच्या हातून पाहिली नाही.

"यांना स्वतःला येतं का हो बास्केटबॉल?" मी एकदा सुलभाताईंना विचारलं.

"कुठलं येतं! एकदा खाली कोर्टवर मुलांचा चेंडू पायाशी आला, तो उचलायला गेले आणि नख मोडून घेतलं. तेव्हापासून नखं कापतात."

हाच खेळ का, याचं उत्तर मात्र सरांकडे तयार होतं. व्यावसायिक संघांचे खेळ बाजारात पुष्कळ होते, नवे होते, झगझगीत होते. त्यांना ते नको होते. "तिथे माणूस विकत घेता येतो," ते म्हणत. "कॉलेजात घडवावा लागतो. आणि घडला, पिकला, की चौथं वर्ष संपतं आणि तो जातो. थांब म्हणता येत नाही. या खेळात माया लावून चालत नाही, म्हणून हा खरा खेळ." आणि दुसरं कारण त्याहून साधं होतं. त्या खेळात मुलांना नावंच नव्हती. पाठीवर नुसते आकडे. खऱ्या विद्यार्थ्यांची नावं वापरायची परवानगी नव्हती म्हणे. ती रिकामी जागा सरांनी आमच्या लोकांनी भरली होती. पौर्णिमेच्या बुद्धवंदनेला जमणारी, एकमेकांच्या बाळंतपणांना आणि बारशांना धावणारी आमची ती लहानशी मराठी मंडळी, इंजिनियर, संशोधक, विद्यापीठातले पोस्टडॉक, सगळी निळे गंजीफ्रॉक घालून त्या पडद्यावर धावत होती. जे धावत नव्हते ते कडेच्या बाकावर बसलेले दिसत. बाकावर बसलेल्यांचेही चेहरे तो खेळ मोठ्या निगुतीने दाखवी.

रविवारी संध्याकाळी पुरुष घरी परतले की बायका दारातच विचारत, "आज कुठे बसवलं?" एरवी स्वतःला मोठा म्हणवणारा माणूस तेव्हा चपला काढता काढता खाली मान घालून सांगे, "सहावा." किंवा, "शेवटून दुसरा." त्या रात्रीच्या भाजीची चव त्या उत्तरावर ठरे. हे हास्यास्पद होतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि कोणीही जायचं थांबत नव्हतं. कारण चांगी विमानतळावर पहिल्या दिवशी आपल्याला घ्यायला कोण आलं होतं, हे कोणी विसरलं नव्हतं. आम्ही दोघं तेवढे आधी दुसरीकडे राहून आलो होतो, बाकी प्रत्येकाला घ्यायला सर जात. पहिली खोली ते शोधून देत, पहिला तवा सुलभाताई देत. ज्या माणसाने परक्या शहरात तुमच्या हातावर पहिली भाकरी ठेवली, त्याच्या घरी बाकावर बसायला नकार कसा द्यावा?

मी एकदाच तोंड उघडलं. विद्यापीठात संशोधन करणारे आमचे डॉक्टर वानखेडे वडिलांच्या निधनामुळे वर्ध्याला जाऊन परत आले होते. त्यांच्या डोक्यावरचे केस नुकते उगवू लागले होते, रोपवाटिकेतल्या रोपांसारखे. त्यांनी आत येऊन पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या नावापुढे लाल खूण होती.

"जखमी यादीत टाकलं तुला," सर हळू म्हणाले. "बाप मेला की माणसाचा नेम जातो. बरा झाला की सांगजो, पाहू."

सगळे हसले. डॉक्टर वानखेडेही हसले, आणि हसता हसता त्यांनी भरभरून आलेली शिंक दाबावी तसं काहीतरी दाबलं.

"सर," मी म्हणाले, "आकड्यांना माणसांची नावं द्यायची आणि मग माणसांना आकड्यांसारखं वागवायचं, यात काय आनंद आहे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी प्रसन्नपणे. "मॅडम, तुम्ही कविता करता. तुम्हाला संघात जागा नाही. तुम्ही प्रेक्षकांत बसा." मग पडद्यावरच्या त्या धूसर, हलणाऱ्या, एकसारख्या ठिपक्यांकडे बोट करून ते म्हणाले, "पाहून घ्या. प्रेक्षकांना चेहरे नसतात."

संदेश मेश्राम आला तो याच वाटेने, चांगीवरून सरांच्या टॅक्सीतून. नागपूरचाच, सरांच्याच विभागात कंत्राटावर. खोली मिळेपर्यंत तो सरांकडेच राहिला. पहिल्या दिवशी सरांनी त्याचा शर्ट स्वतः इस्त्री केला होता. मी साखर मागायला वर गेले होते तेव्हा पाहिलं. कॉलरच्या टोकांवर पाण्याचे थेंब शिंपडून, जिभेचं टोक दातांत धरून, ते त्या शर्टाच्या बाह्या दाबत होते. संदेश बनियनवर उभा, संकोचाने कानापर्यंत तांबूस झालेला. "सर, मी करतो ना..."

"तू करशील तर बेटावर गेटवाला तुला परत पाठवेल. उभा राहा गुमान."

कंपनीच्या बसमध्ये कोणत्या बाजूला ऊन येत नाही, पास गळ्यात कसा उलटा पडू द्यायचा नाही, कँटीनमधला कोणता काका भात जास्त वाढतो, हे सगळं त्यांनी त्याला शिकवलं. आणि रविवारी, इतरांना घेतलं तसंच, त्यालाही शेवटच्या खुर्चीवर बसवलं. नितीन एक जागा वर सरकला. आमच्या घरी त्या दिवशी शिरा झाला. ही गोष्ट लिहिताना मला सुख होत नाही.

संदेशची बायको राजश्री सहा वर्षांची सई घेऊन मागाहून आली. राजश्री अमरावतीच्या एका अनुदानित महाविद्यालयात कायम प्राध्यापक होती. ती नोकरी तिला कशी मिळाली होती हे तिने मला एकदा मेथी निवडता निवडता सांगितलं. किती मुलाखती, किती उन्हाळे तासिका तत्त्वावर, किती जणांच्या उंबऱ्याशी उभं राहणं. आता ती बिनपगारी रजेवर होती. रजा संपत आली होती. संदेशचं कंत्राटही त्याच सुमारास संपत होतं. ते पुढे चालू राहिलं तर तिने राजीनामा द्यायचा आणि इथे घर करायचं. ते राहिलं नाही तर त्याआधी तिने परत जाऊन हजर व्हायचं, म्हणजे घरातली एक चूल तरी पेटती राहील. दोन्हींतलं एकच शक्य होतं, आणि कंत्राटाची शिफारस सरांच्या हातात होती.

"विचारलं का त्यांना सरळ?" मी म्हटलं.

"विचारलं ना ताई. यांनी बसमध्येच विचारलं. म्हटलं, सर, रिन्यूअलचं काय? तर म्हणतात, तू टीव्ही पाहतो ना बे?"

म्हणून ती टीव्ही पाहू लागली. रविवारी ती सईला घेऊन सुलभाताईंच्या मदतीला म्हणून वर जाई, ओट्याशी सांबार निवडत उभी राही. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि सुलभाताईंची सांबारवडी हे त्या घरातलं एकमेव निर्मळ सुख होतं. हिरव्या वासात मनगटं बुडवून राजश्री दाराच्या फटीतून पडद्यावरच्या चौदा नंबरच्या मुलाकडे, म्हणजे संदेशकडे, पाहत असे. तो बाकावरून उठला की तिचे हात थांबत.

संदेश वर चढत होता. त्याला खेळातलं कळत होतं. एके दिवशी सरांनी, कशी कोण जाणे लहर आली, दुसरा रिमोट त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "ये. बिननावांचा संघ घे." समोर सरांचा नामांकित संघ, आम्हा सगळ्यांचा, आणि संदेशकडे नुसते आकडे. खोलीत कोणी वडीला हात लावेना. संदेशचा चेहरा खेळताना हलत नव्हता, अंगठे तेवढे हलत होते, झऱ्याच्या तळाशी मासे हलावेत तसे. शेवटच्या क्षणी त्याच्या एका निनावी पोराने लांबून चेंडू फेकला. तो हवेत असताना घंटा वाजली, आणि मग जाळीची ती मऊ, कोरडी सळसळ झाली.

सर हरले होते. संदेश घाबरून उभा राहिला. "सॉरी सर."

"सॉरी काऊन? खेळलास." सरांनी त्याच्या पाठीवर थाप दिली. मग संघाचं पान उघडलं आणि आम्हा सर्वांदेखत चौदा नंबर उचलून पहिल्या पाचांत ठेवला. त्याचे आकडे वाढवले. आणखी एका चौकटीवर जाऊन तिथे काहीतरी बदललं. त्याचं वर्ष. दुसरं होतं, ते चौथं केलं. आम्ही सर्वांनी ते पाहिलं. पडद्यावर प्रत्येकाच्या नावाशेजारी त्याचं वर्ष असे आणि पहिल्या पाचांत नेहमीच चौथ्या वर्षाचे जास्त असत. पिकलेलेच वर असायचे. म्हणून ते बढतीसारखं दिसलं.

राजश्री त्या संध्याकाळी माझ्या दारात आली, हातात वड्यांचा डबा. पायऱ्यांवरून धावत आल्याने तिच्या केसांतून बोटभर बट सुटली होती. "ताई, पहिल्या पाचांत!"

"सर काही बोलले का?"

"बोलतात कुठे ते? दाखवतात."

त्याच आठवड्यात तिने राजीनामा पाठवला. सरांना ती स्वतः वर जाऊन सांगून आली. सर म्हणाले, "बरं." मोठं घर घेतलं, पडदे शिवले. पडद्यांचा रंग कैरीसारखा होता, आणि ते लावताना ती शिडीवरून मला म्हणाली, "अमरावतीचं ऊन आठवतं हो या रंगाने, पण चटके नाहीत त्याला."

सरांचा तो हंगाम अपूर्व गेला. संदेशच्या चौदा नंबरने सामन्यामागून सामने काढले. अंतिम सामन्याच्या रविवारी सगळ्यांना बोलावणं होतं, बायकांनाही. बाहेर पाऊस पडून गेला होता आणि कॉरिडॉरमधल्या कुंड्यांतून ओल्या मातीबरोबर शेजारच्या चिनी आजींच्या उदबत्तीचा वास येत होता. आम्ही जिंकलो. खरंच, "आम्ही" म्हणाले सगळे. पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे पडू लागले, सई टाळ्या वाजवत म्हणाली, "Papa win already!" आणि पुरुष एकमेकांच्या गळ्यात पडले.

मग हंगाम संपल्यावर येतं ते पान आलं. चौथ्या वर्षाचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात. एकेक नाव उजळे आणि विझे. सर ते पान नेहमीच सावकाश दाखवत. चौदा नंबर उजळला. मेश्राम. विझला. त्या जागी एक रिकामी चौकट आली.

संदेश हसत होता. "गेलो की मी!"

"गेलास," सर म्हणाले. त्यांनी ताटलीत दोन वड्या ठेवल्या आणि त्याच्यापुढे केल्या. "उद्या एचआरचा फोन येईल. आधी खाऊन घे."

खोलीत कोणाला कळलं आणि कोणाला नाही ते चेहऱ्यांवर दिसत होतं. संदेशने वडी उचलली, बहुधा हाताला काहीतरी करायला हवं होतं म्हणून. "सर... गेममध्ये ना?"

"गेम आणि प्लांट मी कधी वेगळे केले होते बे? विभागातून एक माणूस कमी कर म्हणाले. केला."

राजश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बोटांना बेसन लागलेलं. "म्हणजे काय, सर?"

"म्हणजे पास झाला."

"मी राजीनामा दिला हो." तिचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेल्या बाईचा आवाज होता, तो त्या क्षणीही स्पष्ट राहिला. "तुम्हाला वर येऊन सांगितलं होतं मी."

"सांगितलं," सर म्हणाले. "विचारलं नव्हतं."

"दोन-दोनदा विचारलं यांनी बसमध्ये! तुम्हीच म्हणालात टीव्ही पाहा!"

"मग पाहायचा. चौथं वर्ष म्हणून समोर लिहिलेलं होतं. मी लपवलं काय? एवढा मोठा टीव्ही आहे." हे सगळं त्याच कुजबुजत्या स्वरात. राजश्रीला ऐकण्यासाठी पुढे झुकावं लागलं.

मला इतरांकडे पाहिल्याचं आठवतं. जे रिकामी चौकट पाहत होते त्यांच्या डोळ्यांत भीती होती, दया होती, आणि त्या दोहोंच्या तळाशी काहीतरी हिशेबी चमकत होतं. पहिल्या पाचांत एक जागा झाली होती. सुलभाताईंनी खाली पडलेली वडी उचलली. संदेशच्या हातून ती कधी पडली हे मला दिसलं नव्हतं.

नितीनने, त्याच्या दमाचा आकडा कितीही कमी असला तरी, दुसऱ्या दिवशी सरांना खाली लिफ्टपाशी गाठलं. मी बाजूला उभी होते. "संदेशच का, सर? तुमच्या विभागात त्याच्यापेक्षा कामाने कच्चे दोघे आहेत."

"म्हणूनच." सर लिफ्टच्या आकड्यांकडे पाहत होते. "ते दोघे इथून निघाले तर पडतील. पडले की उठणार नाहीत, मी ओळखतो त्यांना. संदेशला कुठेही फेका, तो उभा राहील. चांगल्याला घालवायचं असतं, कच्च्याला सांभाळायचं असतं. कोच होणं म्हणजे काय वाटतं तुम्हाला?"

"मग त्याला हे आधी सांगायचं. त्याची बायको परत गेली असती."

"आधी सांगितलं असतं तर तो असा खेळला असता?"

लिफ्ट आली. सर आत गेले, आणि दार मिटण्याआधी आमच्याकडे पाहून त्यांनी मान हलवली. आम्ही एक सोपी गोष्ट समजायला उशीर लावत होतो, असा त्यांचा चेहरा होता. मला त्या चेहऱ्याची भीती अजून वाटते ती यासाठी, की त्यावर खोटेपणा नव्हता.

ते चांगीवरही आले. ते कोणालाही आणायला आणि पोचवायला चुकत नसत. संदेशची सर्वांत जड बॅग त्यांनी ओढली, काट्यावर चढवली, वजन जास्त भरलं तेव्हा स्वतः उकिडवे बसून त्यातला कुकर काढून हातातल्या पिशवीत घातला. कैरी रंगाचा एक पडदा बॅगेतून बाहेर आला, तो त्यांनी घडी मोडू न देता परत दाबून बसवला. राजश्रीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. संदेशने हात जोडले, "जय भीम, सर," आणि सरांनी "जय भीम" म्हणून त्याची कॉलर सरळ केली.

सई त्यांच्या पॅंटला धरून होती. "Uncle, Sunday we come back, can?"

"Cannot," सर म्हणाले.

पुढची हकिकत मला राजश्रीच्या निरोपांतून तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. महाविद्यालयात तिची जागा भरली गेली होती. ती पुन्हा तासिका तत्त्वावर उभी राहिली, पंधरा वर्षांपूर्वी सुरुवात केली होती तिथेच. सई वर्गात इंग्रजी बोले म्हणून मुली हसत, आणि आता ती वर्गात बोलतच नसे. संदेश मुलाखतींना जाई, मग जाईनासा झाला. "दिवसभर पलंगावर असतात, ताई," तिने लिहिलं होतं. "दाढी करा म्हटलं की म्हणतात, कशाला, आता कोण बघणार आहे. उठतच नाहीत."

मी तो निरोप घेऊन वर गेले. सरांपुढे फोन धरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "शक्य नाही."

"तिने लिहिलं आहे."

"ती काय लिहील! मी त्याला पाहिलं आहे. तो उभा राहील." फोन परत देताना त्यांनी काच बोटाने पुसली, चकती पुसत तशी. पण तेव्हा त्यांच्या बोटाला कोवळेपण नव्हतं.

रविवार हळूहळू ओस पडले. कोणी भांडून गेलं नाही, आमच्यात भांडायची रीत नव्हती. कोणाच्या मुलाची शिकवणी निघाली, कोणाला शिफ्ट लागली, कोणी आंग मो किओला राहायला गेलं आणि तिथून पासिर रिस फार लांब पडू लागलं. ज्यांना सरांनी सांभाळलं होतं ते दोघे सर्वांत आधी यायचे थांबले. छतावरचा करकराट मात्र थांबला नाही. उलट पूर्वी तो रविवारपुरता होता. सर निवृत्त झाले आणि तो रोजचा झाला.

मी त्यांना अखेरचं पाहिलं ते आम्ही घर बदलायच्या आठवड्यात. सुलभाताईंचे दोन डबे माझ्याकडे राहिले होते, ते द्यायला भर दुपारी वर गेले. लोखंडी जाळीचं दार लावलेलं होतं, आतलं उघडं. सुलभाताई जमिनीवर बसून वाटाणे सोलत होत्या. सर सोफ्याच्या कडेला, पाय जमिनीला पुरत नव्हते म्हणून खाली उशी. बामाचा वास दारापर्यंत येत होता. त्यांनी वळून पाहिलं नाही.

पडद्यावर चार मुलं बिननावाची होती. पाचव्याच्या पाठीवर मेश्राम होतं.

"हा तर..." मी थबकले.

"जुना हंगाम राखून ठेवला आहे त्यांनी," सुलभाताई हळूच म्हणाल्या. शेंग फुटल्याचा हिरवा आवाज झाला. "संदेशचा. बाकी सगळ्यांची नावं पुसली, याचं तेवढं ठेवलं. अंतिम सामना आला की बंद करतात. खेळतच नाहीत तो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे तो जातच नाही?"

"जाऊ कुठे देतात! आणि बसूही देत नाहीत गं, मृदुला. बाकीची पोरं दमली की बदलतात. याला नाही. सकाळपासून पळतो आहे."

चौदा नंबरच्या नावाखालची दमाची पट्टी पार आटून लाल झाली होती. त्या खेळात खेळाडू थकला की थांबतो. तो मध्येच उभा राहतो, कमरेत वाकतो, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकतो आणि त्याची पाठ वर-खाली होऊ लागते. चौदा नंबर तसा उभा होता. चेंडू त्याच्या पायांजवळून घरंगळत गेला. दुसऱ्या संघाने तो उचलला. हजारो बिनचेहऱ्यांच्या माणसांनी गलका केला.

सर पुढे झुकले. पडद्यापासून वीतभर अंतरावर त्यांचं तोंड आलं, आणि इतक्या वर्षांत मी न ऐकलेला त्यांचा चढा, फाटका आवाज त्या खोलीत उठला.

"उभा राहा बे! उभा राहा! मी सांगितलं होतं त्यांना तू उभा राहशील म्हणून!"

त्यांचा अंगठा बटणावर दाबत राहिला, दाबत राहिला. नख इतकं खोल कापलेलं होतं की कडेला रक्ताची बारीक रेघ दिसत होती. चौदा नंबरने मान वर केली, दोन पावलं टाकली आणि पुन्हा गुडघ्यांवर हात टेकले.

मी डबे जाळीच्या आतल्या बाजूला सरकवून ठेवले. जिना उतरू लागले तेव्हा बूट पुन्हा करकरले.